तेक्लेचा रांजण

तेक्ले बेझाशविली त्या मेच्या अखेरीला गावी आली ती पोटात एकच वाक्य घेऊन. मी आता खेळणार नाही. पॅरिसहून राजधानी तिबिलिसीपर्यंत विमानात आणि तिबिलिसीहून गावापर्यंत मिनिबसमध्ये तिने ते मनातल्या मनात शंभरदा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते नीट म्हणता आलं. अडचण एवढीच होती की ते बापाला सांगायचं होतं. आणि बाप म्हणजे अंझोर. गेली चौदा वर्षं या माणसाने पोरीच्या टेनिसशिवाय दुसरं काही केलं असेल तर द्राक्षवेली छाटल्या, आणि त्याही तिच्या सामन्यांच्या वेळा सांभाळून.

भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. भीती वाटली असती तर बरंच झालं असतं. तिला काही वाटतच नव्हतं. मिनिबसच्या काचेतून अलाझानी नदीचं खोरं दिसायला लागलं, पलीकडे कॉकेशसच्या माथ्यावर अजून बर्फ होतं, आणि तेक्ले ते सगळं दाताच्या डॉक्टरकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसं बघत राहिली.

थांब्यावर जुम्बेरकाका बसला होता. जुम्बेर म्हणजे शेजारी, अंझोरचा बालमित्र, आणि गावातल्या प्रत्येक पंगतीचा तमादा. ग्लास हातात घेऊन पहिला बोलणारा तो आणि शेवटचा बोलणाराही तोच, मधे कुणाला बोलायचं असेल तर त्याने परवानगी द्यायची. असा बोलघेवडा माणूस. तेक्ले स्पर्धेहून परत आली की हा लांबूनच ओरडायचा, "आली बघा, आली, विम्बल्डनची सासुरवाशीण!" आज त्याने तिची पिशवी उतरवून घेतली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "आलीस होय. बरं झालं. ऊन फार आहे."

"जुम्बेरकाका, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय," तो म्हणाला, आणि पिशवी तिच्या दारात ठेवून चालता झाला. आतसुद्धा आला नाही. तेक्लेला वाटलं, आपण हरलो म्हणून. हरल्यावर लोक असे वागतात हे तिला माहीत होतं, आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

ही पोर टेनिसला लागली कशी, ते सांगायला हवं.

अंझोर शाळेत कसरतीचा मास्तर. स्वतः कुस्तीगीर, कान चेपलेले, मान बैलासारखी. टेनिस त्याने आयुष्यात धड कधी खेळलं नाही. पण जुन्या वाइन कारखान्यामागे एक पडकं मैदान होतं, कुण्या काळच्या साहेबांनी बांधलेलं, आणि आठ वर्षांची तेक्ले तिथल्या भिंतीवर लाकडाच्या फळीने चेंडू मारत बसायची. एकदा अंझोर तिला जेवायला बोलवायला गेला आणि जेवण विसरून तिथेच उभा राहिला. चेंडू भिंतीवरच्या एकाच विटेवर जात होता. पुन्हा पुन्हा, त्याच विटेवर.

झालं. माणूस वेडा झाला म्हणायचा. गावोगाव हिंडून त्याने फुटलेले रांजण गोळा केले. आमच्याकडे वाइन जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात होते, तेव्हा फुटक्या रांजणांना तोटा नाही. त्या खापऱ्या त्याने घणाने कुटल्या, चाळल्या, आणि मैदानावर तो लाल भुगा अंथरला. चुन्याच्या रेघा मारल्या. बायको लामारा म्हणाली, "लोक रांजणात वाइन भरतात, हा रांजण जमिनीवर पसरतो." पण परदेशातल्या मोठ्या मैदानांवरची माती तशीच असते हे अंझोरने वाचलं होतं, आणि ते खरंही निघालं. पुढे बाहेरच्या देशांत लाल मातीवर पाय ठेवला की तेक्लेला आपल्या अंगणात आल्यासारखं वाटायचं. वाटायचं तेव्हाची गोष्ट.

आता तिच्या रांजणाचं. तेक्ले जन्मली त्या ऑक्टोबरात अंझोरने घरातला सगळ्यात मोठा रांजण भरला. आत माणूस उभा राहील एवढा. दगडी झाकण ठेवलं, कडेने ओली माती लिंपली, वर वाळू लोटली. पोरीच्या लग्नात उघडायचा. असा रांजण आमच्याकडे पुष्कळांच्या घरी असतो, त्यात काही विशेष नाही. विशेष झालं ते तेक्ले अकरा वर्षांची असताना. तिबिलिसीत लहान मुलींची स्पर्धा तिने जिंकली, अंझोरच्या अंगणात पंगत बसली, जुम्बेर उठला आणि पोरीच्या नावाने अर्धा तास बोलला. बोलून झाल्यावर त्याने ग्लास अंझोरकडे केला आणि म्हणाला, "अलावेर्दी तुझ्याकडे."

अलावेर्दी आला की त्याच विषयावर बोलायचं असतं, आणि आधीच्या माणसाच्या वरताण बोलायचं असतं. नुसतं "मलाही तसंच वाटतं" म्हणणाऱ्याने सरळ दूध प्यावं. अंझोर काही बोलका नाही. तो उभा राहिला, मान लाल झाली, आणि म्हणाला, "पोरीचा रांजण लग्नाला उघडणार नाही. चार मोठ्या स्पर्धा आहेत ना जगात? त्यातल्या एकीच्या मुख्य फेरीत ती ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी उघडेन."

पंगत थक्क. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लामाराचा आवाज आला, "म्हणजे लग्न काय कोरडंच करायचं?"

हसण्यावारी गेलं सगळं. पण पंगतीत ग्लास हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेत नाहीत. त्या दिवसापासून तो रांजण लग्नाचा राहिला नाही.

रांजणांशी तेक्लेचं आणखी एक नातं होतं. द्राक्षतोडीच्या आधी रिकामे रांजण आतून धुवावे लागतात. तोंड अरुंद, तेव्हा अंगाने बारीक माणूसच आत उतरू शकतो. सहा वर्षांची झाल्यापासून तेक्लेच उतरायची. चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन आतून घासायचं, आणि अंझोर वर तोंडाशी बसून हाका मारायचा. आतली हवा वाईट असते, त्यात माणूस बोलता बोलता बेशुद्ध पडतो. म्हणून वरच्याने हाक मारत राहायची आणि आतल्याने ओ देत राहायची. ओ आली नाही की दोरी ओढायची.

"बाबा, आहेस का?" अंझोर विचारायचा. आमच्याकडे बाप लाडाने लेकरालाच बाबा म्हणतो.

"आहे."

नऊ वर्षांची असताना एकदा तिने गंमत म्हणून ओ दिली नाही. अंझोरने दोरी ओढलीच नाही. डोकं खाली करून तो सरळ आत घुसला आणि खांद्यापाशी अडकला. त्याला बाहेर ओढायला जुम्बेर आणि आणखी तिघे लागले. गाव आठ दिवस हसत होतं. अंझोर हसला नाही. तिला काही बोललाही नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळी तो जेवला नाही, हे तेक्लेच्या लक्षात राहिलं.

बाराव्या वर्षी ती तिबिलिसीला मावशीकडे राहायला गेली. तिथे इझोल्दाबाई म्हणून प्रशिक्षक होत्या, करड्या आवाजाच्या, गळ्यात कायम शिट्टी. त्या म्हणायच्या, "बाप कुस्तीवाला ना तुझा? दिसतंय. चेंडूला धरून आपटतेस. अगं, त्याला जाऊ दे ना जरा." तेक्ले शिकली. सतराव्या वर्षी एकटीच तुर्कस्तानात अंतल्याला जायला लागली. तिकडे हॉटेलांच्या मागे मैदानं असतात आणि दर आठवड्याला छोट्या स्पर्धा होतात. न्हाणीघरात कपडे धुवायचे, दुसऱ्या कुणा देशाच्या मुलीबरोबर खोली वाटून घ्यायची, आपल्या रॅकेटच्या तारा आपणच ओढायच्या. पिशवीत आईने दिलेल्या चुर्चखेला असायच्या, दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेले. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत ती त्याचा तुकडा तोडून खायची. बाकीच्या मुली केळी खायच्या आणि हिच्याकडे बघायच्या, ही मेणबत्ती काय खाते म्हणून.

जगात नऊशेवी होती ती सहाशेवी झाली, मग चारशेवी. मग दोन वर्षं तीनशेच्या आसपास अडकून पडली. अंझोर दर सामन्याला फोनवर आकडे बघत बसायचा. चित्र नसायचंच, नुसते आकडे. पंधरा, तीस, चाळीस. शाळेच्या तासाला मुलांना पळायला लावून स्वतः झाडाखाली फोन बघायचा. सामना संपला की त्याचा फोन यायचा, आणि पहिला प्रश्न कायम तोच. "दुसरी सर्व्हिस का आखूड पडत होती?"

ते कधी सुरू झालं, तेक्लेला नक्की सांगता आलं नसतं. बहुतेक सर्बियातल्या त्या हिवाळ्यात. बंद हॉलमध्ये तिने अंतिम सामना जिंकला, आजवरचा सगळ्यात मोठा. बापाचा फोन आला. अंझोर रडत होता. तिने त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. ती "हो बाबा, हो" म्हणत राहिली, आणि एका हाताने खोलीतल्या खुर्चीवर मोजे वाळत घालत राहिली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, मोज्यांचे जोड नीट लागले आहेत की नाहीत, याच्याचकडे तिचं सगळं लक्ष होतं.

त्यानंतर उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. गेली म्हणजे होती जागच्या जागी, पण बधिर. मानेत शीर दबली आहे, एक वर्ष खेळ बंद ठेवलात तर कदाचित सुटेल, असं तिबिलिसीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेक्लेने घरी कळवलं नाही. खरं सांगायचं तर त्या बोटांचं तिला दुःखसुद्धा झालं नाही. आतला माणूस आधीच बधिर झाला होता, आता बोटं त्याला जाऊन मिळाली, एवढंच.

आणि नशिबाचा वात्रटपणा असा की तशा अवस्थेत ती बरी खेळायला लागली. कशाचंच काही वाटत नसलं की हात थरथरत नाही. क्रमांक दोनशे पाचवर आला आणि पॅरिसच्या पात्रता फेऱ्यांना जागा मिळाली. तीन सामने. तिन्ही जिंकले तर मुख्य फेरी.

सोमवारी पहिला जिंकली. बुधवारी दुसरा, अडीच तास खेळून. तो संपल्यावर तासाभराने तिने घरी फोन लावला तर पलीकडे नुसता गोंगाट. गाणं चाललेलं, तीन आवाजांतलं. कुणीतरी तिच्या नावाने ओरडत होतं. अंझोर फोनवर आला आणि म्हणाला, "बाबा, झोप जा. खेळायचंय तुला." आवाज जरा वेगळा होता. सर्व्हिसबद्दल एक अक्षर नाही.

शुक्रवारी ती हरली. तिसऱ्या सेटमध्ये पाच-पाच असताना रॅकेट दोनदा हातातून निसटलं. बोटांनी धरलं होतं की नाही तेच कळलं नाही. हात मिळवला, खुर्चीत बसली, उरलेली चुर्चखेला खाल्ली. बुधवारी जिंकल्यावरही ती अशीच बसून खात होती. तिने मुद्दाम आठवून बघितलं, बुधवारी आपल्याला काय वाटलं होतं. मग आज काय वाटतंय. दोन्हीत काही फरक सापडेना. तेव्हा तिने ठरवलं. रडून वगैरे नाही. दुकान बंद करायची वेळ झाली की फळी लावतात, तसं.

संध्याकाळी अंझोरचा फोन आला तर तोही एवढंच म्हणाला, "घरी ये. आई वाट बघतेय."

तर अशी ती आली. लामाराने तिला पोटाशी धरलं, चाचपून बघितलं, "हाडं राहिलीत नुसती, तुझी पीडा मला लागो," म्हणाली आणि चीज भरलेली खाचापुरी भाजायला पळाली. अंझोर मैदानावर रूळ फिरवत होता. तो आला, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "डावा कोपरा बसला होता, परत भरून घेतला. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या आधी इथेच सराव करू. इथली माती तिथल्यासारखीच पडते."

"हो," तेक्ले म्हणाली. वाक्य पोटात होतं. नीट पाठ होतं. पण त्याचं तोंड बघितल्यावर ते वर येईना. अंझोर तिच्याकडे बघतच नव्हता. बोलत होता तिच्याशी आणि बघत होता तिच्या खांद्यावरून पलीकडे.

दुपारी ती गावात फिरून आली. बाहेरून आली की घरोघर भेटायला जायची तिची पद्धत होती, लहानपणापासून. आणि इथे तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. शाळेच्या शिपाईणबाईंनी चहा दिला. बेकरीवाल्या एल्गुजाने लिंबूपाणी दिलं. जुम्बेरच्या बायकोने तर गार पाणी पुढे केलं आणि वर म्हणाली, "पाण्यासारखं काही नाही बाई."

आता हे बघा. आमच्या या काखेती मुलखात दारात आलेल्या माणसाला वाइन विचारली नाही, असं होत नाही. पोस्टमनला विचारतात. वीज तोडायला आलेल्या माणसाला विचारतात, आधी पाजतात आणि मग भांडतात. आणि आज सात घरं झाली, एकानेही वाइनचा जग पुढे केला नाही. जुम्बेरच्या ओसरीवर पाच-पाच लिटरच्या चार काचेच्या बरण्या होत्या. तेक्ले पाणी पीत असताना त्याच्या बायकोने त्यांच्यावर चादर टाकली.

तेक्ले घरी आली ती सरळ मरानीत गेली, वाइनच्या कोठारात. आत गारवा, अंधुक उजेड, जमिनीत पुरलेल्या रांजणांची तोंडं. तिचा रांजण भिंतीकडेचा. वरची वाळू नीट सारखी केलेली होती. तिने हाताने ती बाजूला लोटली. झाकणाच्या कडेची माती फिकट आणि ताजी होती, एका ठिकाणी तर अजून बोट बुडत होतं. बावीस वर्षांची माती अशी नसते. खापऱ्यांच्या भुग्यावर वाढलेल्या मुलीला हे कुणी सांगायला नको. तिने डाव्या मुठीने झाकणावर ठोकलं. आवाज पोकळ आला.

ती तिथे बराच वेळ बसली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. वाट बघितली तिने रागाची. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंझोर मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता. तेक्ले जाऊन उभी राहिली.

"बाबा, रांजण धुवायचा राहिलाय ना?"

"कुठला?" तो वाकलेलाच होता.

"माझा."

चुन्याची रेघ जराशी वाकडी गेली. अंझोरला सरळ उभं राहायला बराच वेळ लागला.

"आईने सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. सगळं गाव मला पाणी पाजतंय."

तो मैदानाच्या कडेच्या बाकावर बसला. हात चुन्याने पांढरे. "बुधवारी," तो म्हणाला. "तू जिंकलीस आणि अंगण भरलं. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आले. जुम्बेर उठला. तू लहान होतीस तिथपासून सगळं सांगितलं त्याने, ती वीट, या खापऱ्या. लोक रडायला लागले. मग म्हणाला..."

"अलावेर्दी तुझ्याकडे."

"हं."

"अजून एक सामना राहिला होता, बाबा."

"माहीत होतं."

"मग?"

"त्याच्यापेक्षा वरचढ दुसरं काय होतं माझ्याकडे?" अंझोर म्हणाला. "मी म्हटलं, मुख्य फेरी झालीच समजा, आजच उघडतो. आणि कुदळ घेऊन गेलो. कुणी अडवलं नाही. तुझी आई तेवढी दारात आडवी उभी राहिली होती, तिला मी बाजूला केलं." त्याने हातावरचा चुना मांडीवर पुसला. "एकदा झाकण निघालं की ठेवता येत नाही गं ती. आंबते. रात्रभर प्यालो, उरलेली घरोघर भरून दिली. शुक्रवारी तू हरलीस तेव्हा सगळ्या गावाच्या घरात तुझी वाइन होती. कुणी तोंड वर करून बघेना. मी घाईघाईने झाकण परत लिंपलं. तू येशील, तुला दिसेल म्हणून." मग हळूच म्हणाला, "मी आधी उघडला म्हणून हरलीस तू. अपशकुन केला मी. बापाने."

तेक्ले त्याच्या शेजारी बसली होती. इथे काहीतरी बोलायचं असतं हे तिला कळत होतं. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. बोटांचं सांगावं लागलं असतं, आणि बोटांचं सांगितलं की पुढचं वाक्य आलंच. तिने त्याच्या चेपलेल्या कानाकडे बघितलं.

"न धुता ठेवलास तर बुरशी धरेल," ती म्हणाली.

"धरू दे."

"चल ऊठ. मी उतरते."

"एवढी मोठी घोडी झालीस, मावणार कुठे त्यात?"

"तू अडकला होतास. मी नाही अडकत."

अंझोर उठला. इलाजच नव्हता. दोघांनी मिळून माती फोडली, झाकण सरकवलं. आतून गोडसर आंबूस वास आला. अंझोरने दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. ज्योत तळापर्यंत जळत राहिली, म्हणजे हवा बरी होती. तरी त्याने तिच्या कमरेला दोरी बांधली, दोन गाठी मारल्या आणि तिसरीही मारली. शिडी टाकली. तेक्लेने हात डोक्यावर घेतले, उजवा खांदा आधी आत घातला, आणि ती खाली उतरली.

आतमध्ये भिंती काळपट जांभळ्या झाल्या होत्या. तिच्या वयाएवढा रंग. वर डोक्यावर उजेडाचा गोल, त्यात बापाचं डोकं. वरून पाणी आलं, कुंचा आला. तिने तो डाव्या हातात घेतला आणि घासायला लागली.

"बाबा, आहेस का?"

"आहे."

जरा वेळाने पुन्हा. "आहेस का?"

"आहे."

आवाज भिंतींवरून फिरून तिच्याच कानात येत होता, जरा जाड होऊन. स्वतःचा वाटत नव्हता. इथे कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. आणि काहीतरी बोलत राहणं भागच होतं.

"बाबा, आहेस का?"

"आहे. बाबा, ऐक. रांजणामुळे नाही हरले मी. माझी दोन बोटं बधिर आहेत. दीड वर्ष झालं. रॅकेट धरल्याचं कळत नाही."

ती घासत राहिली.

"तू उघडला नसतास तरी हरलेच असते. कळलं? आणि जिंकले असते तरी..." तिने कुंचा पाण्यात बुडवला. "जिंकल्याचंही कळत नाही मला आता. सर्बियात जिंकले, तू रडत होतास, मी मोजे वाळत घालत होते. माझं आतून काहीतरी गेलंय. मी आता खेळणार नाही."

बोलून झालं. इतकं सोपं होतं ते. तिने खालचा भाग घासला, मग बाजूचा. जांभळं पाणी पायाशी जमत होतं.

हाक आली नाही.

तिने वर बघितलं. उजेडाच्या गोलात डोकं नव्हतं. नुसतं मरानीच्या छताचं एक लाकूड दिसत होतं. दोरी कमरेपासून वर गेली होती, पण तिला ताण नव्हता.

"बाबा?" तेक्ले म्हणाली.

काही नाही.

"बाबा, वर आहेस ना?"

कुंचा तिच्या हातातून खाली पडला. नऊ वर्षांची असताना तिने गंमत केली होती, तेव्हा वर बसलेल्या माणसाला काय झालं असेल, हे तिला आज कळलं. छातीत काहीतरी आवळलं. थोडंसंच. पण आवळलं, आणि ते तिला जाणवलं.

"बाबा, ओ दे," ती मोठ्याने म्हणाली. "बाबा!"

वर नाक ओढल्याचा आवाज आला. मग उजेडाच्या गोलात ते चेपक्या कानांचं डोकं पुन्हा आलं. तोंड दिसत नव्हतं.

"आहे," अंझोर म्हणाला. "कुठे जाणार? आहे."

तेक्लेने खाली वाकून कुंचा उचलला. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. ती पुन्हा घासायला लागली. तिच्या बावीस वर्षांचा जांभळा रंग हळूहळू सुटत होता आणि खालून मूळची लाल माती दिसायला लागली होती.

"ऑक्टोबरात काय करायचं याचं?" वरून प्रश्न आला. आवाज घोगरा होता.

"भर."

"कशासाठी म्हणून भरू?"

तेक्लेने विचार केला. "असाच भर. पंगतीत कुणाला सांगू नकोस."

मग वरून पाण्याची बादली सुटली, मग दुसरी. रांजण धुऊन झाला होता, एवढा वेळ आत राहायची गरज नव्हती, हवाही बरी होती. तरी अंझोर हाका मारतच राहिला, दर मिनिटाला एक.

"बाबा, आहेस का?"

"आहे," तेक्ले खालून म्हणायची, आणि थोडा वेळ थांबून पुढच्या हाकेची वाट बघायची.